जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकलं अन् चालूच होईना? आधी हे तपासा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्याने अनेक जण जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकत आहेत. टीपीएम २.० नसतानाही जुगाड करून ते बसतं, पण कधी कधी रिस्टार्टनंतर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा मेसेज येतो.

लगेच डिस्क फॉरमॅट करू नका, फोटो-कागदपत्रं जातील. आधी पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा चालू करा. तरीही तेच आलं तर बायोस उघडा (बटण बहुधा एफ२). तिथे हार्ड डिस्क दिसत नसेल तर मेकॅनिकला दाखवा. दिसत असेल तर बूट मोड बघा: डिस्क जीपीटी असेल तर ‘यूईएफआय’, एमबीआर असेल तर ‘लेगसी’ हवा.

लक्षात ठेवा, अशा लॅपटॉपला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.