खरकट्याला मैल्याची जोड

नाशिकच्या ओल्या कचऱ्यातून खतापलीकडेही काही निघू शकते, हे विल्होळीजवळच्या वीजप्रकल्पाने दाखवले. जर्मनीच्या ‘जीआयझेड’ संस्थेच्या मदतीने महापालिकेने २०१७ साली सुरू केलेल्या या प्रकल्पाची कल्पना अशी, की हॉटेलांतले खरकटे आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र कुजवायचा. किळस वाटेल, पण त्यामागचे रसायनशास्त्र पक्के आहे. नुसते खरकटे बंद टाकीत झपाट्याने आंबते, आम्लता वाढते आणि ज्यापासून वीज करायची तो मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव थंडावतात. मैल्यातला अमोनिया ती आम्लता आवरतो.

थोड्याशा विजेसाठी हा खटाटोप कशाला, असा आक्षेप येतो. वीज थोडीच, मान्य. पण हाच कचरा ढिगाखाली हवेविना कुजला तर मिथेन मोकाट सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. खरी कमाई तो कोंडण्यात आहे. कचरा वेगळा करण्यावरचा ‘शेवटी सगळे एकाच गाडीत जाते’ हा आक्षेप जास्त बोचरा. मात्र प्लास्टिक घुसले की पंप तुंबतात, आणि मिसळलेले निवडणे महाग पडते. म्हणून वर्गीकरण घरात आणि हॉटेलच्या मोरीपाशीच व्हावे, आणि घंटागाडीत कचरा मिसळणाऱ्या ठेकेदाराला दंड व्हावा.