दोन बाळंतपणांतील अंतर

पहिले मूल वर्षाचे होते न होते तोच घरातील वडीलधारी मंडळी दुसऱ्याचा विषय काढतात. ‘दोन्ही एकदमच मोठी होतील,’ हा त्यामागील हिशेब. मातेच्या शरीराचा हिशेब मात्र निराळा असतो. गर्भारपण व स्तनपान यांत तिच्याजवळील फोलेट आणि लोहाचा साठा खर्ची पडतो. तो भरून येण्यास अवधी लागतो. गर्भाच्या मेंदूच्या जडणघडणीस हीच द्रव्ये लागतात.

कॅलिफोर्नियात १९९२ ते २००२ या काळात जन्मलेल्या दुसऱ्या अपत्यांची पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर वर्षाच्या आत पुन्हा दिवस राहिलेल्या मातांच्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण, तीन वर्षे वा अधिक अंतर असलेल्यांच्या तुलनेत, सुमारे तिप्पट आढळले. हा केवळ संबंध होय. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. अशी बहुसंख्य मुले निरोगीच असतात, म्हणून कोणत्याही मातेस दोष देणे अनुचित ठरेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य असलेल्या घरांत मूग-हरभऱ्याच्या डाळी फोलेट पुरवतात. तरीही फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्याने गर्भधारणेआधीपासूनच सुरू कराव्यात.

सुनेला दुसऱ्या बाळाविषयी विचारण्यापूर्वी तिची प्रकृती विचारावी. येणाऱ्या नातवंडाचे हित त्यातच आहे.