कुत्रे का भुंकते?

जुन्नर बाजूच्या एका गावातली ही हकीकत आहे. गावठाणात दोन घरे शेजारी शेजारी आहेत. मध्ये फक्त एक अरुंद बोळ. एका घरात शेतकरी, त्याची बायको आणि म्हातारे वडील राहतात. त्यांनी एक कुत्रे पाळले आहे. ते बोळात खुंटीला बांधलेले असे. दुसऱ्या घरातली सून तेव्हा नुकतीच बाळंत झाली होती. रात्री बाळ झोपले की कुत्रे भुंके. बाळ दचकून उठे. मग बाळ रडे, आई जागी, आजी जागी. सारे घर जागे.

पंधरा दिवस असे चालले. मग एका सकाळी आजीबाई शेजाऱ्याच्या दारात गेल्या.

"तुमचं कुत्रं रातभर वरडतंय. तुम्हाला ऐकू येत न्हाई का?"

शेतकरी म्हणाला, "मावशी, आमचं कुत्रं गरीब हाय. मी घरात असतो तवा ते हूं की चूं करत न्हाई."

आजीबाईंना वाटले, हा धडधडीत खोटे बोलतो. शेतकऱ्याला वाटले, मावशी उगाच भांडण काढते. शब्दाने शब्द वाढला. दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. आजीबाईंचा थोरला नातू तर रागाच्या भरात म्हणाला, "भाकरीत कायतरी घालून टाकतो. कटकटच मिटंल."

खरे म्हणजे दोघांपैकी कोणीच खोटे बोलत नव्हते. ते कसे, ते पाहा.

आजीबाईंची सून लिहिणारी-वाचणारी आहे. तिने भिंतीवरचे कॅलेंडर घेतले. कुत्रे भुंकू लागले की त्या तारखेच्या चौकटीत वेळ लिहायची. थांबले की पुन्हा वेळ लिहायची. असे तिने आठ दिवस केले. आम्ही ते पान पाहिले आहे. पाच रात्री लिहिले होते, '१० ला सुरू, २ ला बंद'. तीन चौकटी कोऱ्या होत्या. त्या तीन रात्री कुत्रे भुंकलेच नव्हते.

ते पान शेतकऱ्याला दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला. त्या पाच रात्री शेतीची लाईट रात्रीची होती. तो दारे धरायला मळ्यात जाई. तिकडे उसात बिबट्याचे भय आहे. म्हणून एकटा कोणी जात नाही. बायकोही बरोबर जाई. घरात राहत म्हातारे वडील, आणि त्यांना ऐकू कमी येते. धनी गेला की कुत्रे भुंकू लागे. धनी आला की गप्प होई. मग धन्याला ते ऐकू येणार कसे?

पुष्कळ घरांत असेच होते. कुत्रे धन्याच्या पाठीमागे भुंकते. म्हणून शेजाऱ्याने तक्रार केली, तर लगेच अंगावर जाऊ नका. आधी विचारा, "किती वाजता भुंकतं? कशावर भुंकतं?" आणि शेजाऱ्यानेही नुसते 'रातभर' म्हणू नये. वेळ लिहून ठेवावी. 'रातभर' म्हटले की भांडण होते. '१० ते २' म्हटले की उपाय सापडतो.

कुत्रे कारणाशिवाय भुंकत नाही. कारण आपल्याला दिसत नाही, एवढेच. त्याचे कान आपल्याहून फार तिखट असतात. जो किनरा आवाज आपल्याला मुळीच ऐकू येत नाही, तोही त्याला ऐकू येतो. बोळातून उंदीर पळाला तरी ते उठते. कधी ते राखणीसाठी भुंकते, कधी भीतीने. एकटे पडले तर भुंकते. तहान लागली, ऊन लागले, अंगावर गोचीड झाले तरी भुंकते. भाद्रपदात कुत्री माजावर आली म्हणजे सारी आळी कुत्र्यांच्या आवाजाने भरून जाते, हे तुम्हाला सांगायला नको. रात्री कुत्रे 'रडले' की पुष्कळ लोक अपशकुन मानतात. तसे काही नाही. लांबचे कुत्रे ओरडले म्हणजे हे त्याला जबाब देते. किंवा एकटेपणाने ओरडते.

आखूड साखळी हे तर मोठेच कारण. कुत्र्याला हातभर साखळीने रस्त्याकडेला बांधले, तर त्याला पुढे जाता येत नाही, मागे पळता येत नाही. उरते काय? तोंड. येणाऱ्याजाणाऱ्यावर ते भुंकते. माणूस तर आपल्या वाटेने निघूनच जातो. पण कुत्र्याला वाटते, आपण भुंकलो म्हणून तो गेला. मग उद्या दुप्पट भुंकते. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा १९६० सालचा आहे. फार आखूड किंवा फार जड साखळीने जनावर तासन् तास बांधून ठेवणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून आणले नाही, तर तोही गुन्हा आहे.

त्या शेतकऱ्याने प्रथम बोळातली खुंटी काढली. दिवसा कुत्रे परसात राहू लागले. तिथून रस्ता दिसत नाही. फाटकाच्या फटीवर त्याने तरट लावले. साखळीऐवजी लांब दोर केला. सावली आणि पाण्याचे भांडे दोरीच्या टप्प्यात ठेवले. मळ्यात जाण्याआधी तो कुत्र्याला अर्धा तास चांगले फिरवून आणी. दमलेले, पोट भरलेले कुत्रे लवकर झोपते. रात्री ते पडवीत, दाराच्या आत, म्हाताऱ्यांच्या खाटेजवळ राहू लागले. याचा दुसराही फायदा झाला. त्या भागात बिबटे कुत्री उचलून नेतात. बाहेर बांधलेले कुत्रे त्यांना आयतेच सापडते.

मग 'गप' हा शब्द शिकवला. ही युक्ती सोपी आहे. कुत्रे भुंकू लागले की जवळ जाऊन हळू आवाजात एकदाच म्हणावे, "गप." ते श्वास घ्यायला क्षणभर तरी थांबतेच. त्याच क्षणी भाकरीचा तुकडा द्यावा. भुंकत असताना देऊ नये. नाहीतर भुंकले की भाकर मिळते, असे ते शिकेल! हळूहळू जास्त वेळ गप्प राहिल्यावरच तुकडा द्यावा. घरातल्या सर्वांनी हाच एक शब्द वापरावा. आपण मोठ्याने ओरडलो, तर कुत्र्याला वाटते धनीही आपल्याबरोबर भुंकतो आहे. मारले तर भीती वाढते, आणि भ्यालेले कुत्रे चावते. 'भुंकणारे कुत्रे चावत नाही' या म्हणीवर आमचा तरी भरवसा नाही.

काही लोक कुत्र्याचे तोंड दोरीने बांधतात. असे कधीही करू नका. कुत्रे जीभ बाहेर काढून धापा टाकते, तेव्हाच त्याचे अंग थंड होते. तोंड बांधले तर उन्हाळ्यात ते जिवाला मुकेल.

गरीब कुत्र्याचा आवाज एकाएकी बदलला, घोगरा झाला, तोंडातून लाळ गळू लागली, गिळता येईना, तर त्याच्या जवळ जाऊ नका. ते पिसाळले असेल. पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब कळवा. ते चावले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. आपल्या कुत्र्यालाही दर वर्षी रेबीजची लस टोचून घ्या.

विषाची गोष्ट राहिली. विषाची भाकर बोळात टाकली, तर ती कोण खाईल याचा नेम नाही. शेळी खाईल, वासरू खाईल. रांगते पोरही उचलून तोंडात घालील. शिवाय जनावराला विष घालून मारले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आजीबाईंच्या नातवाला हे कोणीतरी वेळेवर सांगितले, हे बरे झाले.

पहिल्या आठवड्यात फारसा फरक पडला नाही. शेतकरी तर कंटाळून म्हणाला, "ह्याच्यानं काय व्हायचं न्हाई." पण बायकोने नेट धरला. मळ्यात निघण्याआधी ती आजीबाईंना हाक मारी, "मावशी, आज रातची लाईट हाय. कुत्रं वरडलं तर सकाळी सांगा." सून कॅलेंडरवर लिहीतच होती. दुसऱ्या महिन्याच्या पानावर चार तासांचा अर्धा तास झाला. पुढे बहुतेक चौकटी कोऱ्याच राहू लागल्या.

एका रात्री मात्र कुत्रे एकदम कडाडून भुंकले. दोन्ही घरे उठली. बॅटरी लावून पाहिले, तर परसाच्या कडेच्या चिखलात बिबट्याचे ताजे ठसे होते. त्या रात्री कॅलेंडरवर कोणी काही लिहिले नाही.

पहाटे येणाऱ्या दूधवाल्यावर ते अजून भुंकते. बाळ आता चालू लागले आहे. कुत्रे भुंकले की बोळात उभे राहून तेही त्याला "गप" म्हणते.