कंबरेच्या हाडातून मेंदूत

येरमाळ्यात सोलापूर-धुळे महामार्गाला बार्शी-कळंब रस्ता भेटतो, तिथून जवळच माझी लॅब आहे. हिमोग्लोबिन, शुगर, डेंग्यू, कावीळ हे रोजचं काम. पण काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, लिशमन रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की एक पेशी मी हटकून शोधतो. पांढऱ्या पेशींत सगळ्यांत थोराड, राखट निळी, आतलं केंद्रक मध्येच मुडपलेलं. शंभरात दोन ते आठच सापडतात. ही मोनोसाइट. हाडातल्या अस्थिमज्जेत जन्मते, थोडे दिवस रक्तात फिरते आणि मग अवयवांत शिरून जंतू आणि मेलेल्या पेशी खाते.

मेंदूची राखण मात्र तिच्याकडे नसते. त्यासाठी मायक्रोग्लिया नावाच्या पेशी आहेत. स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी 1919 मध्ये चांदीच्या क्षाराचा रंग देऊन त्या पहिल्यांदा स्पष्ट ओळखल्या. चैत्री यात्रेत आमच्या येडाई देवीचे भाविक चुन्याच्या रानात पसरतात आणि जो तो आपल्या पायाखालची चुनखडी वेचतो. मायक्रोग्लियाही तशाच मेंदूभर पसरलेल्या असतात आणि आपापल्या टापूतला कचरा वेचतात. त्यांचा जन्म अस्थिमज्जेतला नाही. गर्भ काही आठवड्यांचा असताना, हाडं तयार होण्याच्याही आधी, पीतक पिशवीतून त्यांचे पूर्वज मेंदूत जाऊन बसतात, हे 2010 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून पक्कं झालं. पुढे जन्मभर त्या तिथंच आपली संख्या राखतात. निरोगी मेंदूत रक्तातल्या पेशींना सहसा प्रवेश नसतो.

मग या पेशीच जन्मतः बिघडलेल्या असतील तर?

आमच्या ओळखीतल्या एका घरातला मुलगा दुसरीत असताना अभ्यासात मागं पडायला लागला. हाक मारली तर वळेना. आधी कान तपासले, मग डोळे. अंग काळवंडत चाललं होतं, त्याला सगळ्यांनी उन्हाचं कारण दिलं. एमआरआय झाला आणि रक्तातली अतिदीर्घ मेदाम्लं मोजली गेली, तोवर त्याचं चालणंही अडखळलं होतं. आजाराचं नाव अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी. या आजारात मायक्रोग्लियांतही ही मेदाम्लं साचतात, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी थकतात आणि काही मुलांत मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण जळत जातं. दोष आईकडून येतो आणि मेंदूचा घात बहुतेक मुलग्यांतच होतो. बोनमॅरो बदलतात असं कुठंतरी ऐकून त्याची आई माझ्याकडे आली. म्हणाली, “दादा, डोकं उघडावं लागतं का?”

डोक्याला हातही लागत नाही. दात्याच्या कंबरेच्या हाडातून, त्याला भूल देऊन, जाड सुईनं मज्जा ओढून घेतात. कधी दात्याच्या रक्तातूनच मूळ पेशी वेगळ्या करतात. त्याआधी रुग्णाला बुसल्फानसारखी जबर औषधं देऊन त्याची स्वतःची मज्जा रिकामी करतात. हे औषध मेंदूपर्यंत पोहोचतं आणि तिथंही जागा मोकळी करतं. मग दात्याच्या पेशी रक्ताच्या बाटलीसारख्या शिरेतून चढवतात. त्या हाडात रुजतात, त्यांची काही संतती मेंदूत शिरते आणि मायक्रोग्लियासारखी होऊन कामाला लागते. ज्या स्त्रियांना पुरुष दात्याची मज्जा मिळाली होती, त्यांच्या मेंदूत मृत्यूनंतर वाय गुणसूत्राच्या पेशी सापडल्या. त्या बहुधा दात्याकडूनच आलेल्या. मूळ मायक्रोग्लियाशी त्या तंतोतंत जुळत नाहीत, पण बऱ्याचशा कामाला पुरतात.

भारतातलं पहिलं बोनमॅरो प्रत्यारोपण 1983 साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं, ते रक्ताच्या कर्करोगासाठी.  त्याच तंत्रानं मेंदूही वाचू शकतो हे पॅरिसच्या पात्रिक ओबूर्ग यांनी 1990 मध्ये दाखवलं. अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीच्या सुरुवातीच्या अवस्थेतला आठ वर्षांचा मुलगा प्रत्यारोपणानंतर सुधारला. 2025 मध्ये शांघायच्या संशोधकांनी मायक्रोग्लियाच्याच जनुकदोषाच्या आठ रुग्णांत ही रीत वापरली आणि आजार दोन वर्षं थोपवला. जपानमध्ये तर रक्तातल्या मोनोसाइट बशीत ठेवून, दोन संदेश-प्रथिनं देऊन, दोन आठवड्यांत मायक्रोग्लियासारख्या पेशी तयार केल्या आहेत. मी रोज पाहतो तीच मोनोसाइट! पण तो मार्ग सध्या आजार समजून घेण्यासाठी आहे, उपचारासाठी नाही.

प्रत्यारोपणातल्या नव्या पेशी मेंदूत बस्तान बसवायला कित्येक महिने घेतात आणि तेवढ्या काळात आजार पळतच असतो. ज्याचं चालणं-बोलणं गेलं, त्याला प्रत्यारोपणानं काही परत मिळत नाही, उलट औषधांचा धोका जिवावर बेततो. त्या मुलाला डॉक्टरांनी नाही म्हटलं ते यासाठीच. नंतर कुणीतरी त्याच्या घरच्यांना ‘स्टेम सेल’ची महागडी इंजेक्शनं सुचवली. पाठीत टोचलेल्या अशा इंजेक्शननं मेंदूत मायक्रोग्लिया उगवत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सिद्ध झालेले रक्ताचे आणि तत्सम आजार सोडले, तर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असे उपचार करायला मनाई आहे. शेत विकून ती इंजेक्शनं घेऊ नका, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

त्या घरात धाकटा भाऊ होता. खेळता, धडधाकट. त्याचं रक्त तपासा म्हणून मी लकडा लावला. त्याच्यातही दोष निघाला, पण मेंदू अजून स्वच्छ आहे. आता दर सहा महिन्यांनी एमआरआय होतो; पहिला डाग दिसला की प्रत्यारोपण, आणि ग्रंथींसाठी गोळ्या आत्ताच सुरू.

आपल्याकडे मामाच्या, आत्याच्या घरी सोयरीक होते. हर्लर, मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी असे मेंदू पोखरणारे दुसरे आजार आई-बाप दोघांकडून दोष आला की होतात आणि नात्यातल्या लग्नांत ती शक्यता वाढते. म्हणून ज्या घरात एखादं मूल शिकलेलं विसरत, खचत गेलं असेल, तिथं पाठच्या भावंडांची तपासणी लगेच करावी. केंद्राच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात, प्रत्यारोपणानं एकदाच उपचार होणाऱ्या पहिल्या गटात हर्लर दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी आणि अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी सुरुवातीच्या अवस्थेत धरली आहे. नेमलेल्या केंद्रांत 50 लाखांपर्यंत मदत मिळते आणि मुंबईचं केईएम त्यांपैकी एक आहे. मोठ्या मुलाचे सगळे कागद आणि एमआरआयची सीडी सोबत न्यावी, धाकट्यांना घेऊनच जावं.