गाडीतली गार हवा गेली कुठे?

वैशाखाचे दिवस होते. दुपारचे दोन वाजले होते. ऊन नुसते मी म्हणत होते.

आमच्या शेजारची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जिल्ह्याच्या दवाखान्यात ती सुखरूप बाळंत झाली. तिला आणि बाळाला घरी आणायचे होते. वाट साठ किलोमीटरची. आमच्या आळीतला दादा भाड्याने गाडी चालवतो. बाळाच्या आजीने त्याला मुद्दाम सांगितले, "दादा, गार हवेची गाडी आण रे बाबा. पोर कोवळं आहे."

आम्हीही सोबत होतो. दवाखान्यातून निघालो. दादाने एसीचे बटण दाबले. पंखा भर्रकन सुरू झाला. पण हवा आली ती गरम! जणू भट्टीचे तोंडच उघडले. काचा खाली केल्या, तर बाहेरून झळा येऊ लागल्या. बाळ रडून रडून लाल झाले. वाटेत दोनदा झाडाखाली थांबलो. आईने बाळाला पाजले, सावलीत घेतले. कसेबसे घरी पोहोचलो.

दादा अगदी खजील झाला. म्हणाला, "काय करू हो? दिवाळीला गॅस भरला. परत महिन्यापूर्वी भरला. तीन हजारांच्या वर पैसे गेले. दोन्ही वेळा गॅरेजवाला म्हणाला, गॅस संपला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दादाबरोबर तालुक्याला गेलो. तिथे एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "अरे पोरा, गॅस संपला म्हणजे गेला कुठं?"

हा प्रश्न मोलाचा आहे. तो समजला, की गाडीतल्या गार हवेचे सारे गुपित कळते. म्हणून आधी ही गार हवा येते कशी, ते पाहू.

गारवा येतो कसा?

आपल्या घरी माठ असतो. माठातले पाणी झिरपून बाहेर येते आणि त्याची वाफ होते. वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार होते. सुई टोचण्यापूर्वी नर्सबाई दंडाला स्पिरिट लावतात. स्पिरिट भुर्रकन उडून जाते आणि दंड गार लागतो. तेही याच कारणाने. पातळ पदार्थाची वाफ झाली, की तो जवळची उष्णता ओढून घेतो.

गाडीच्या एसीत हेच होते. त्यात एक खास गॅस असतो. पाणी उकळायला १०० अंश उष्णता लागते. पण आजकाल पुष्कळ गाड्यांत जो आर-१३४ए नावाचा गॅस असतो, तो मोकळ्या हवेत शून्याच्याही खाली २६ अंशांवर उकळतो. म्हणजे बर्फाच्या थंडीतसुद्धा त्याची वाफ होते.

हा गॅस नळ्यांतून गोल गोल फिरतो. इंजिनाजवळ एक पंप असतो. त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. तो गॅसला दाबतो. सायकलला हवा भरताना पंप तापतो, हे आपण पाहिले आहे. तसा दाबलेला गॅसही तापतो. मग तो गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत जातो. तिचे नाव कंडेन्सर. तिथे बाहेरच्या वाऱ्याने तो निवतो आणि पातळ होतो. पुढे तो एका बारीक छिद्रातून आत शिरतो. गाडीत आपल्या समोर जी फळी असते, तिच्या मागे दुसरी जाळी आहे. तिथे त्या पातळ गॅसची वाफ होते. तो उष्णता ओढतो आणि जाळी थंडगार होते. पंखा त्या जाळीतून हवा फेकतो. तीच आपल्याला गार लागते. मग गॅस परत पंपाकडे जातो.

विहिरीवरचे राहाटगाडगे आठवा. गाडगी खाली जातात, भरून वर येतात, पाणी ओततात आणि पुन्हा खाली जातात. गाडगी तीच, फेरे मात्र हजार. एसीतला गॅस म्हणजे ही गाडगी आणि गाडीतली उष्णता म्हणजे विहिरीतले पाणी. पाणी उपसून गाडगी कधी संपतात का? नाही. गाडगी कमी झाली, तर ती फुटली असे आपण म्हणतो.

तसेच गॅसचे आहे. डिझेल जळते आणि संपते. हा गॅस जळत नाही आणि संपतही नाही. रबरी नळ्यांतून तो वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, एवढेच. महिन्या दोन महिन्यांत तो कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे, हे पक्के समजावे. गळती न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

आधी आपण काय पाहावे?

पण गरम हवा आली म्हणजे दर वेळी गॅसच गेला असे नाही. आणखीही कारणे असतात. त्यांतली काही आपली आपल्याला पाहता येतात. त्याला पैसा लागत नाही.

१. बटणे पाहा. एसीचे बटण दाबले आहे ना? त्याचा दिवा लागतो ना? थंड-गरम करण्याची कळ निळ्या खुणेकडे आहे ना? लाल खुणेकडे असेल, तर इंजिनाची उष्णता आत येते. गाडी उन्हात उभी होती का? मग आधी काचा उघडून आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्या. मिनिटभराने काचा लावा.

२. वारा कमी येतो का? हवा गार आहे, पण जोर नाही, असे असेल तर आतली गाळणी पाहा. बऱ्याच गाड्यांत ती डाव्या बाजूच्या कप्प्याच्या मागे असते. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर ती लवकर भरते. ती काढून झटकावी. फारच काळी झाली असेल तर बदलावी.

३. गाडी धावताना गार आणि थांबली की गरम, असे होते का? मग तोंडाशी असलेली जाळी पाहा. तिच्यात चिखल, भुसा, कापूस, किडे अडकतात. जाळीला वारा मिळत नाही. इंजिन बंद करून, निवू देऊन, साध्या पाण्याने ती हळू धुवावी. जोराच्या धारेने जाळीचे पातळ पत्रे वाकतात. जाळीजवळचा विजेचा पंखा एसी लावल्यावर फिरतो का, तेही पाहावे. हा पंखा कधी कधी आपोआप सुरू होतो. म्हणून त्यात बोट घालू नये.

४. इंजिन तापले आहे का? गाडीत उष्णतेचा काटा असतो. इंजिन फार तापले, की पुष्कळ गाड्यांत एसी आपोआप बंद पडतो. तो एसीचा दोष नव्हे. गाडी थांबवावी आणि इंजिन निवू द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र मुळीच उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडते.

५. पंप फिरतो का? एकाने गाडीत बसून एसी लावावा. दुसऱ्याने बॉनेट उघडून दुरून पाहावे. पुष्कळ गाड्यांत 'टक्' असा आवाज होतो आणि पंपाच्या तोंडावरची चकती फिरू लागते. ती फिरली नाही, तर पट्टा, फ्यूज किंवा विजेची तार यांत दोष असेल. गॅस फार कमी झाला, तरी पंप सुरू होत नाही. पाहताना पदर, उपरणे, सैल बाही पट्ट्यापासून दूर ठेवावी.

६. आधी गार आणि तासाभराने वारा बंद, असे होते का? मग आतल्या जाळीवर बर्फ धरला असेल. एसी बंद करावा, पण पंखा चालू ठेवावा. बर्फ वितळला, की वारा परत येतो. पुन्हा पुन्हा असे झाले, तर मिस्त्रीला सांगावे.

एसी चालू असताना गाडीखाली टपटप पाणी पडते. त्याला घाबरू नये. थंड तांब्याच्या बाहेरून जसे पाणी सुटते, तसेच ते आहे.

मिस्त्रींनी काय केले?

दादाच्या गाडीत पहिले सारे ठीक होते. मग मिस्त्रींनी बॅटरी घेऊन नळ्या पाहिल्या. पुढच्या जाळीजवळच्या एका सांध्यावर तेलकट, काळा डाग होता. त्यावर धूळ बसली होती. मिस्त्री म्हणाले, "हा बघ चोर! गॅसबरोबर पंपाचं तेलही फिरतं. गॅस जिथून निसटतो, तिथं तेल मागं राहतं."

त्यांनी नळीत नायट्रोजन वायू दाबाने भरला आणि सांध्याला साबणाचे पाणी लावले. बुडबुडे आले. सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात, तसेच हे. सांधा उघडला. आतले रबराचे छोटे कडे चिरले होते. किंमत काही रुपयांची! त्यासाठी दादाचे तीन हजार हवेत गेले होते.

नवे कडे बसवले. मग यंत्र लावून नळ्यांतली हवा आणि ओल अर्धा तास ओढून काढली. ओल राहिली, तर आत बर्फ धरतो आणि नळ्या गंजतात. शेवटी काट्यावर तोलून गॅस भरला.

तोलून का? बॉनेटखाली एक चिठ्ठी चिकटवलेली असते. गॅस कोणता आणि किती ग्रॅम, हे तिच्यावर छापलेले असते. चिठ्ठी बहुधा इंग्रजीत असते. पण आता आपल्याला वाचण्याची गोडी लागली आहे. आकडे तरी ओळखता येतीलच. बोट ठेवून विचारावे, "काका, एवढाच भरला ना?" गॅस कमी पडला तर गारवा येत नाही. जास्त झाला तरीही येत नाही, उलट पंपावर भार पडतो.

या गोष्टी करू नका

गॅसची नळी घरी कधीही सोडू नका. गॅस दाबाने बाहेर उडतो. अंगावर पडला तर कातडी गोठते. डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

स्वस्तात मिळतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस एसीत भरू देऊ नका. तो पेट घेतो.

गॅस मुद्दाम हवेत सोडू देऊ नका. पूर्वी गाड्यांत आर-१२ नावाचा गॅस असे. आकाशात उंचावर ओझोनचे आवरण आहे. ते सूर्याच्या घातक किरणांपासून आपल्याला वाचवते. आर-१२ सारखे गॅस त्या आवरणाची नासधूस करत होते. म्हणून १९८७ साली मॉन्ट्रियल येथे अनेक देशांनी करार केला आणि ते गॅस हळूहळू बंद झाले. आर-१३४ए त्या आवरणाला धक्का लावत नाही. पण त्याने हवा तापते. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर एक किलो आर-१३४ए हा तेराशे किलो कार्बन डायऑक्साइडहूनही कमी नाही. आपली गाडी गार करताना सगळ्यांचे रान तापवू नये.

उभ्या गाडीत काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपू नका. धुरातला विषारी वायू आत शिरला, तर माणूस झोपेतच दगावतो. त्या वायूला वास नसतो.

आणि लहान मुलाला बंद गाडीत क्षणभरही एकटे ठेवू नका. उन्हात उभी असलेली गाडी दहा मिनिटांत दहा अंशांनी तापू शकते. 'आत्ता येतो' म्हणून गेलेला माणूस दुकानात रमतो आणि लेकरू जिवाला मुकते.

शेवटी

बाराव्या दिवशी बाळाचे बारसे झाले. सासरची माणसे एस.टी.ने तालुक्याला उतरली. त्यांना आणायला दादाच गेला. सारी मंडळी गार हवेत बसून आली. आजी म्हणाली, "दादा, गॅस भरलास वाटतं?"

दादा हसला. म्हणाला, "नाही आजी. आधी भोक बुजवलं, मग भरला."

आम्हाला हे फार पटले. पैसा असो, पाणी असो, की गॅस असो. कमी पडले, की आपण आधी भरायला धावतो. कुठून जाते, ते आधी पाहावे. आता तुमच्या गाडीत गरम हवा आली आणि कोणी म्हणाले "गॅस संपला", तर तुम्हीही मिस्त्रीकाकांचा प्रश्न विचारा, "गेला कुठं?"