सांगितलं म्हणून मुलं बिघडतात?

आयटीआयमध्ये प्रजनन आरोग्याचं सत्र घ्यायला गेले की वर्गात शिरण्याआधी कुणीतरी बाजूला घेऊन सांगतंच, "मॅडम, जरा जपून. पोरांच्या डोक्यात नसतं काही भरायला नको." हे ऐकून ऐकून आता चीड येते.

त्याच इमारतीत वेल्डरच्या मुलांना होल्डर हातात देण्याआधी गॉगल, हातमोजे, एप्रन यांचं महत्त्व शिकवतात. इलेक्ट्रिशियनला शॉक लागलेल्या माणसाला कसं सोडवायचं ते शिकवतात. शॉकबद्दल सांगितलं म्हणून मुलं चालू तारेला हात लावतील, असं कुठल्याही निदेशकाला वाटत नाही. मग शरीराचा विषय निघाला की माहितीचीच भीती का वाटावी?

युनेस्कोच्या २०१८च्या लैंगिकता शिक्षणाच्या मार्गदर्शिकेत जगभरातल्या अभ्यासांचा आढावा आहे. असं शिक्षण मिळाल्याने मुलांचे लैंगिक संबंध लवकर सुरू होत नाहीत, धोके पत्करणंही वाढत नाही. गर्भनिरोधकांचा वापर मात्र वाढतो. त्याच्या कितीतरी आधी, २००७ मध्ये, महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला होता. पुढे स्मार्टफोन आले आणि शिकवणी पॉर्नकडे गेली.

"अजून लहान आहेत" म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) पाहावं. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं.

मी वर्गात निनावी चिठ्ठ्यांसाठी डबा ठेवते. फिटरच्या वर्गातून आलेल्या एका चिठ्ठीवर ग्रीसचा अंगठा उमटला होता. "झोपेत वीर्य जातं. कंपनीच्या मेडिकलमध्ये कळेल म्हणून अप्रेंटिसचा फॉर्म भरला नाही." ती वाचून मला काही क्षण बोलवेना. स्वप्नदोष या शब्दातच 'दोष' बसवलाय. हा आजार नाही, त्याने ताकद जात नाही आणि कुठल्याही तपासणीत तो पकडला जात नाही. हस्तमैथुनाचंही तसंच. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिराती मात्र या भीतीवरच पैसे काढतात.

बाकीच्या चिठ्ठ्यांना उत्तरं थोडक्यात देता येतात. पहिल्या वेळीही दिवस जाऊ शकतात. ७२ तासांची गोळी गर्भपाताची नव्हे. ती बीज बाहेर पडणं लांबवते, राहिलेल्या गर्भावर तिचा परिणाम होत नाही. मुलगा की मुलगी, हे पुरुषाच्या शुक्राणूवरून ठरतं. 'तिची मर्जी होती' हे अठराच्या आतल्या मुलीबाबत २०१२चा पॉक्सो कायदा मानत नाही, आणि हे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मुलींची चिठ्ठी असते, पाळीत लेथवर उभं राहिलं तर चालतं का? चालतं. त्रास होत असेल तर सुट्टी मागावी. वर्कशॉपजवळ पाण्याचं संडास आणि झाकणाचा डबा मात्र हवाच.

सत्रासाठी आम्हाला चाळीस मिनिटं देतात. चिठ्ठ्या वाचण्यातच पाऊण तास जातो. पुढच्या वेळी दोन तास द्या, आणि निदेशकांनाही वर्गात बसू द्या.