निराधारांचे दफ्तर

नागपूर जिल्ह्यातील ज्या तहसील कचेरीत राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे काम मी जवळून पाहिले, तेथे तिच्या मेजापाशी येणारी प्रत्येक व्यक्ती, मग ती कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेली विधवा असो वा काठी टेकीत आलेला वृद्ध, प्रथम आपले दारिद्र्य कागदावर सिद्ध करण्याच्या खटाटोपात असते. वयाचा पुरावा, शिधापत्रिका, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि सर्वांहून अवघड असा उत्पन्नाचा दाखला एवढे जमले, की अर्ज नोंदवहीत चढतो, तलाठ्याची चौकशी होते, आणि मग प्रकरण तालुका समितीपुढे जाते.

दिव्यांगांचा अपवाद वगळता उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये आहे. हंगामात वेचणीची मजुरी मिळविणाऱ्या बाईने आपली खरी कमाई सांगितली, तर ती बहुधा अपात्र ठरेल; आणि दीड हजार रुपयांच्या मासिक अनुदानासाठी सत्यवचनी गरिबाला असत्याच्या उंबरठ्यावर उभे करणारी ही मर्यादा मला या व्यवस्थेतील सर्वांत दुःखद गोष्ट वाटते.

मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अनुदान आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होत असल्याने मध्यस्थाची वाट बंद झाली, हे निःसंशय सत्कार्य होय. परंतु यंत्राने अंगठा नाकारला म्हणजे काय होते, तेही मी पाहिले. “आजी, ठसा उमटत नाही, आधार केंद्रात जाऊन या,” असे कारकुनाने सौम्यपणे सांगताच ती म्हणाली, “मी जित्ती आहो ना बाबू, तुमाले दिसत नाही काय?” कारकुनाला दिसत होते, पण त्याचे दिसणे दफ्तरात ग्राह्य नव्हते.

खरे तर कारभार गावाजवळ नेण्याचे प्रयत्न जुने आहेत. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात येऊन पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांत समाजकल्याणही आले. तरीही १९८० मध्ये सुरू झालेल्या निराधार योजनेची अंमलबजावणी महसूल यंत्रणेच्याच हाती राहिली. गावकीतील वैर आणि पक्षपात ध्यानी घेता तहसीलदाराच्या तटस्थ सहीचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र कोणाची चूल कोणत्या महिन्यात विझते, हे तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या समितीपेक्षा गावाला अधिक ठाऊक असते, आणि केंद्राच्या राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांनीही लाभार्थींच्या पडताळणीत ग्रामसभेला स्थान दिलेले आहे.

म्हणून मंजुरीचा अधिकार तालुका पातळीवरच राहो. पण मंजूर, नामंजूर आणि बंद झालेल्या प्रकरणांची यादी, कारणांसह, प्रत्येक ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, आणि आपल्या गावात ती वाचली जात नसेल तर वाचकांनी उभे राहून ती मागावी.